मामावर गेलाय

माझ्या भाच्याच्या कंपासपेटीत कर्कटक आणि कोनमापकाच्या खाली कागदाच्या बारीक पुड्या होत्या. वहीचं पान फाडून, वैद्याकडच्या औषधासारख्या घडी घातलेल्या. प्रत्येकीवर पेनाने तारीख आणि आकडा. १४ ऑक्टोबर, ६३. १५ ऑक्टोबर, ५८. १६ ऑक्टोबर, १४१, आणि पुढे बारीक अक्षरात ‘डोकं धुतलं’. आत त्या त्या दिवशी उशीवर, टॉवेलवर आणि बाथरूमच्या जाळीवर सापडलेले केस.

बहिणीचा फोन आला होता. “दादा, तू बोल त्याच्याशी. घरातसुद्धा टोपी काढत नाही. बारावीचं वर्ष, आणि पोरगं रात्री बारा वाजता केस मोजत बसतंय.” मी गेलो. त्याने पुड्या माझ्यापुढे मांडल्या आणि एक केस चिमटीत धरून टेबललॅम्पसमोर नेला. “हे बघ मामा, मुळासकट आलाय. खाली पांढरं दिसतंय ना? म्हणजे तिथे आता परत येणारच नाही.”

सतरा वर्षांच्या मुलाने इतक्या शिस्तीने नोंदी ठेवाव्यात आणि त्यातून काढलेला प्रत्येक निष्कर्ष चुकावा, याचं मला फार वाईट वाटलं. घरात त्याला नीट सांगणारं कुणी नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं ते एकच वाक्य. आदल्या महिन्यात एका साखरपुड्यात त्याच्या आत्याने त्याच्या कपाळावरून हात फिरवत ते मोठ्याने म्हटलं होतं: “मामावर गेलाय.” मी चार हातांवर उभा होतो. माझं टक्कल पंचविशीतच पुरं झालेलं.

तेव्हा आधी त्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल. ते केसाचं मूळ नव्हे. डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या घड्याळावर चालतो. दोन ते सहा वर्षं तो वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आटोपते आणि पुढचे तीनेक महिने तो जागच्या जागी विसावलेला असतो. या विसाव्याच्या काळात त्याच्या बुडाशी एक छोटी पांढरी गाठ तयार होते. गळणारा केस ही गाठ घेऊनच गळतो. ज्यातून केस उगवतो तो रोमकूप कातडीतच राहतो आणि नव्या केसाची तयारी करतो. म्हणजे भाच्याच्या पुडीतला पांढरा ठिपका हा केस आपलं आयुष्य पुरं करून गेल्याची खूण होती.

आकड्यांचंही तसंच. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले दहाएक टक्के, म्हणजे दहा हजार, कुठल्याही दिवशी विसाव्यात असतात. तीन महिन्यांत, म्हणजे जवळपास शंभर दिवसांत, हे दहा हजार गळायचे. भागाकार केला की दिवसाला शंभर येतात. म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केस जाणं हा निरोगी डोक्याचा हिशेब आहे, आणि दोन-तीन दिवसांनी डोकं धुतलं की साठलेले एकदम हाताला लागतात. हा भागाकार मी त्याच्याच वहीवर करून दाखवला. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

इथे आपल्या बोलण्यातली एक गफलत सांगितली पाहिजे. ‘केस गळतात’ आणि ‘केस विरळ होतात’ हे आपण एकाच दमात म्हणतो. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचं सगळं या फरकावर ठरतं. भरपूर केस गळूनही टक्कल पडत नाही, कारण गेलेल्या प्रत्येकाच्या जागी तितकाच जाड केस येतो. उलट ज्याला खरंच टक्कल पडू लागलंय त्याच्या उशीवर फारसं काही दिसतही नाही. त्याच्या डोक्यावर केस आहेतच, पण प्रत्येक फेरीत ते आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिके उगवताहेत. वर्षानुवर्षं वाढणारा केस काही महिनेच वाढतो, पुढे काही आठवडेच, आणि शेवटी लहान बाळाच्या अंगावरच्या लवेसारखा होतो. हे बाथरूमच्या जाळीवर दिसत नाही. त्यासाठी डोक्याकडे बघावं लागतं: मुलांमध्ये कानशिलांच्या वर आणि भोवऱ्यापाशी, मुलींमध्ये भांगाच्या रेषेत.

कानशिलांबद्दल आणखी एक. लहान मुलाची केसांची रेषा कपाळावर खाली आणि गोलसर असते. सोळा-सतरा ते विशीच्या आसपास बहुतेक मुलांची ती बोटभर वर सरकते, कडांना किंचित कोन येतात, आणि तिथेच थांबते. आवाज फुटतो, मिसरूड फुटते, त्यातलाच हा बदल. आरशासमोर रोज उभ्या राहणाऱ्या मुलाला मात्र वाटतं की कपाळ मोठं व्हायला लागलं, संपलं सगळं. आठवीतल्या फोटोशी तुलना करून घाबरलेली कितीतरी मुलं खरं तर फक्त मोठी होत असतात.

भाच्याला मी विचारलं, “ऑगस्टमध्ये काय झालं होतं तुला?” तो म्हणाला, “काही नाही.” बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, “काही नाही काय, डेंग्यू नव्हता का झाला? पाच दिवस सलाईनवर होता.”

तो धागा महत्त्वाचा होता. मोठा ताप, शस्त्रक्रिया, टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड, किंवा महिनाभर उपाशीपोटी केलेलं डाएट, यांपैकी काहीही झालं की शरीर केस वाढवण्यासारखी तातडीची नसलेली कामं बाजूला ठेवतं. वाढीतले पुष्कळ केस एकदम विसाव्यात जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी, विसावा संपला की, सगळे एकत्र सुटतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि दोष शाम्पूला, बोअरच्या पाण्याला किंवा हेल्मेटला देतो. त्यामुळे केस अचानक मूठभर गळू लागले की कॅलेंडरची तीन पानं मागे उलटावीत. कारण बहुधा तिथेच सापडतं. ही गळती आपसूक थांबते, बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत, आणि नवे केस येतात. फक्त महिन्याला एका सेंटिमीटरने ते वाढणार, तेव्हा भांगात भरल्यासारखे दिसायला आणखी काही महिने जातात. या मधल्या काळातच मुलं सर्वांत जास्त घाबरतात आणि घरचे सर्वांत जास्त पैसे घालवतात.

दुसरं कारण आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्याला कारण म्हणायचंच राहून जातं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत आढळले. शरीरातला लोहाचा साठा आटला की केसाच्या मुळालाही त्याची झळ पोचते, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिता असू शकतो. म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन नावाची तपासणी सांगतात आणि बहुधा थायरॉईडसाठी टीएसएच. दोन्हींत काही निघालं तर उपाय साधा आणि स्वस्त असतो. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या, डब्यातली भाजी परत आणणाऱ्या आणि सकाळी चहावर शिकवणीला पळणाऱ्या मुलीच्या केसांना तेल लावण्याआधी तिच्या रक्ताकडे बघायला हवं. हे मी फार आग्रहाने सांगतो.

खाण्यातून काय होऊ शकतं याचं एक टोकाचं उदाहरण महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांची डोकी खाजू लागली, केस खरखरीत झाले आणि नुसता हात लावला तरी झुपक्याने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. अठरा गावांत पावणेतीनशेच्या वर माणसं, त्यांत पुष्कळ कॉलेजची मुलं-मुली. कुणी शाम्पूवर संशय घेतला, कुणी पाण्यावर, कुणी बुरशीवर. बाहेरगावची माणसं या गावांकडे फिरकेनात. जमलेली लग्नं मोडल्याच्या, मुलांनी कॉलेज सोडून घरी बसल्याच्या बातम्या आल्या. एखाद्या गावाची सोयरीक केसांपायी अडावी, ही मला त्या सगळ्यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट वाटली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक तिथे गेलं. विंचूदंशावरच्या कामासाठी महाराष्ट्र ज्यांना ओळखतो त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीही नमुने तपासून घेतले. बाधितांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाजवीपेक्षा कितीतरी पट जास्त आणि जस्त कमी असल्याचं सांगून त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं.

सेलेनियम शरीराला लागतं, पण कणभर. जास्त झालं की केस आणि नखं जातात. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहारात लेबलवर लिहिलेल्याच्या २०० पट सेलेनियम गेलं आणि २०१ माणसं आजारी पडली, त्यांतल्या पुष्कळांचे केस गळले. जीवनसत्त्व अ जास्त झालं तरी केस गळतात. ‘व्हिटॅमिनच आहे, अपाय तर होणार नाही’ या समजुतीने मुलांच्या हातात जे डबे येतात त्यांच्याकडे या नजरेने पाहायला हवं. केसांसाठी सर्वांत जास्त खपणाऱ्या बायोटिनची कमतरता नेहमीचं जेवण जेवणाऱ्या मुलात क्वचितच असते. शिवाय त्याचे मोठे डोस रक्तातल्या थायरॉईडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच तसा इशारा दिला होता. आणि जिममधला कुणी पावडरीसोबत स्टेरॉइडची सुई सुचवत असेल, तर ज्याच्या घराण्यात टक्कल आहे अशा मुलाने तिथून सरळ घरी यावं. ते स्टेरॉइड टकलाला आमंत्रण देतं, आणि हृदयाचं व यकृताचं नुकसान वेगळंच.

काही प्रकार डोळ्यांनी ओळखता येतात. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला की आपण ‘चाई पडली’ म्हणतो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवर धावून जाते. शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधीतरी ती होते आणि पुष्कळदा सुरुवात कोवळ्या वयातच होते. ती संसर्गाने पसरत नाही, म्हणून वर्गात अशा मुलाचा बाक वेगळा करू नये. उपचार आहेत, २०२३ साली अमेरिकेत बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी तीव्र चाईवर गोळीही मंजूर झाली. चट्ट्यावर खवले आणि तुटके केस असतील तर ते डोक्यातलं गजकर्ण असू शकतं. त्यावर नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. घट्ट वेण्या, ताणून बांधलेलं पोनीटेल, नृत्याच्या वर्गासाठी रोज घातलेला करकचून अंबाडा यांनी कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस उपटले जातात. ग्रीनलंडमधल्या बायकांत हे १९०७ सालीच नोंदलं गेलं होतं. वेळीच बांधणी सैल केली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ताणत राहिलं तर येत नाहीत. आणि काही मुलं अभ्यास करता करता, अस्वस्थ असताना, स्वतःचेच केस उपटतात. हा आजार बहुधा दहा ते तेरा वर्षांच्या सुमारास सुरू होतो. ‘हात खाली घे’ म्हणून दटावल्याने तो वाढतो. त्यासाठी मानसोपचाराची मदत लागते.

आता जे ऐकायची भाच्याला सर्वांत भीती होती ते, खानदानी टक्कल.

ते हॉर्मोनमुळे येतं हे पक्कं करणारा माणूस जेम्स हॅमिल्टन नावाचा अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ. त्याने १९४२ साली अशा पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या वृषणांचं काम वयात येण्याआधीच थांबलं होतं. त्यांना टक्कल पडलेलं नव्हतं. त्यांतल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस मागे सरू लागले, बाकीच्यांचे नाहीत. औषध थांबवल्यावर टक्कल पुढे सरकायचं थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही. म्हणजे दोन्ही लागतात: वंशातून आलेली मुळांची नाजूक प्रकृती आणि वयात येताना रक्तात उतरणारं हॉर्मोन. म्हणूनच हे चौदा-पंधराव्या वर्षीही सुरू होऊ शकतं. त्या मुलाने काही पाप केलेलं नसतं, फार मोबाईल पाहिलेला नसतो, फार विचारही केलेला नसतो.

पुढचा दुवा कॅरिबियन बेटावरून आला. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या गावात काही मुलं जन्मतः मुलगी म्हणून वाढवली जात आणि बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्यात पुरुषपण प्रकट होई. ज्युलियान इंपेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली कारण दाखवलं. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या अधिक तीव्र हॉर्मोनमध्ये रूपांतर करणारं एक विकर या मुलांत जन्मापासून उणं होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राही, आणि त्यांना पुरुषी टक्कल पडत नसे. हेच विकर अडवणारी फिनास्टेराइड ही गोळी १९९२ साली आधी प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली टकलासाठी मंजूर झाली. डीएचटीची गंमत अशी की हनुवटीवर ते दाढी उगवतं आणि डोक्याच्या माथ्यावर, नाजूक मुळांपाशी, केसांच्या वाढीचा काळ तोडत नेतं. कानांच्या वरची आणि मानेवरची मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत राहते.

मग ‘मामावर गेलाय’ यात कितपत तथ्य? थोडं आहे. हॉर्मोनचा निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहकाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतं. पण हिशेब पुरा करून बघा. आईकडे दोन एक्स, एक तिच्या वडिलांचं, एक तिच्या आईचं. मुलाला त्यांपैकी या जनुकापुरतं एकच मिळणार. आजोबांचं मिळण्याची शक्यता निम्मी. आजीचं मिळालंच, तर आजीच्या दोन प्रतींतली मामाला मिळालेली तीच असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे माझी आणि भाच्याची ती प्रत वंशाने एक असण्याची शक्यता चारात एक. आईच्या वडिलांकडे बघणं त्यापेक्षा शहाणपणाचं. शिवाय टकलाशी जोडलेल्या जागा जनुकसंचात दोनशेहून जास्त सापडल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एक्सवर नाहीत. त्या वडिलांकडूनही येतात. एकाच घरात एक भाऊ टकला आणि दुसरा घनदाट, हे आपण पाहतोच. साखरपुड्यातल्या आत्याला हे सगळं सांगायची माझी इच्छा होती. तिच्या स्वतःच्या भावाच्या, म्हणजे भाच्याच्या वडिलांच्या, भोवऱ्यावर चांगली वाटीएवढी जागा मोकळी आहे.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण त्यांच्या बाबतीत सगळे ‘लांब केस आहेत म्हणून गळतात’ एवढ्यावर थांबतात. मुलीचा भांग वर्षभरात रुंदावला असेल, जोडीला पाळी दोन-तीन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस आणि चेहऱ्यावर न जाणारे मुरूम असतील, तर पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराची शंका घ्यायची आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं. तिथे केस ही फक्त खूण असते. खरा प्रश्न पाळीचा, इन्शुलिनचा आणि तिच्या पुढच्या आरोग्याचा असतो.

आम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. बाईंनी पुड्या बघितल्या, हसल्या नाहीत, उलट “छान नोंद ठेवलीस” म्हणाल्या. मग छोट्या टॉर्चसारखं भिंग त्याच्या माथ्यावर टेकवलं आणि पडद्यावर चित्र आलं. मानेपाशी सगळे केस सारख्याच जाडीचे. कानशिलांच्या वर मात्र जाड दोऱ्यांच्या मधे काही बारीक धागे. आणि सगळीकडे, गवताच्या कोंबांसारखी, टोकदार नवी वाढ. बाईंनी बोट ठेवून दाखवलं. हे कोंब म्हणजे डेंग्यूनंतर परत येणारे केस. हे बारीक धागे म्हणजे खानदानी टकलाची अगदी कोवळी सुरुवात असू शकते. दोन्ही एका वेळी होत असतं. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि म्हणाल्या, “मोजणं बंद. दर तीन महिन्यांनी एक फोटो. त्याच खिडकीपाशी, कोरडे केस, तोच भांग.”

औषधांचं त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक घराला माहीत असावं. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, १९७९ साली अमेरिकेत त्या कामासाठी मंजूर झालेलं. गोळी घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले तेव्हा ते डोक्याला लावायचा विचार पुढे आला आणि १९८८ साली ते पुरुषांच्या टकलासाठी आलं. ते काम करतं, पण निकाल दिसायला चार-सहा महिने लागतात, पहिल्या आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, आणि बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं. बाटलीवर अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही असंच लिहिलेलं असतं. डॉक्टर एखाद्या किशोराला ते देऊ शकतात, पण तो निर्णय तपासून, त्यांच्या नजरेखाली घ्यायचा. फिनास्टेराइड ही तर सरळ हॉर्मोनच्या वाटेत उभी राहणारी गोळी. वाढत्या वयाच्या मुलासाठी तिला मान्यता नाही, आणि मोठ्यांतही कामेच्छा व मनःस्थितीवरच्या दुष्परिणामांची चर्चा आधी व्हायला हवी. मित्राच्या चिठ्ठीवर किंवा ऑनलाइन मागवून ती घेणारी मुलं आहेत, म्हणून हे लिहितोय. केस रोवण्याची शस्त्रक्रिया या वयात करूच नये. टक्कल कुठवर जाणार हे ठरलेलं नसताना पुढे केस लावले, तर मागचे गेल्यावर ते बेटासारखे उरतात, आणि मानेवरून घ्यायचा साठा एकदाच वापरता येतो. अशी शस्त्रक्रिया तंत्रज्ञाने नव्हे तर प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली बजावावं लागलं, यातच बाजाराची अवस्था कळते.

आपलं खोबरेल तेल? त्याचा उपयोग आहे, पण वेगळा. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या दांड्यात शिरतं आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसं होत नाही. हे संशोधन मॅरिको या खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचं, हेही ध्यानात ठेवावं. आहे तो केस त्याने कमी तुटतो. नवा उगवत नाही. आजीने रविवारी मायेने चोळलेलं तेल मुलाने खुशाल लावून घ्यावं, फक्त टकलाच्या इलाजाचं ओझं त्या वाटीवर टाकू नये. गोटा केल्याने केस दाट येतात ही जावळापासूनची समजूतही खरी नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच मोजून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केसाची जाडी किंवा वेग बदलत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला राठ लागतं, इतकंच.

डॉक्टरकडून आम्ही थेट सलूनमध्ये गेलो. भाचा टोपी काढायला तयार नव्हता. म्हाताऱ्या कारागिराने काही विचारलं नाही. खुर्ची आरशाकडून भिंतीकडे फिरवली आणि मग म्हणाला, “आता काढा.” त्याने बाजू बऱ्याच बारीक केल्या, वरचे दोन बोटं ठेवले आणि भांग मोडून केस पुढे सोडले. विरळ जागा झाकायला मुलं केस लांब वाढवतात. त्याने उलटच होतं: लांब केस एकमेकांना चिकटून बटा होतात आणि मधून कातडी जास्त दिसते. सगळीकडे आखूड ठेवले की दाट-विरळातला फरक कमी होतो. त्या तीस मिनिटांनी त्याला जितकं बळ दिलं तितकं माझ्या सगळ्या आकड्यांनी दिलं नव्हतं.

घरच्यांना मला एवढंच सांगायचंय की ‘केसांचं काय घेऊन बसलास, अभ्यास कर’ हे म्हणू नका. या वयात चेहरा हीच ओळख असते, आणि मुलगा ती रोज थोडी थोडी गमावतोय असं त्याला वाटत असतं. ‘टकल्या’, ‘चांद’, ‘काका’ ही हाक वर्गात दिवसातून दहा वेळा कानावर पडत असेल तर वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. मूल समारंभ टाळू लागलं, जेवण-झोप बिघडली, आरशासमोर तास जाऊ लागले किंवा जगण्याविषयी निराश बोलू लागलं, तर केसांचा प्रश्न मागे ठेवा आणि आधी मनाचा डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. त्यावर मराठीत बोलता येतं.

जानेवारीत पहिला फोटो झाला. ऑक्टोबरपेक्षा भांग भरलेला होता, कानशिलं होती तशीच. रक्तात फेरिटिन कमी निघालं होतं, गोळ्या चालू होत्या. कंपासपेटीत आता पुड्या नव्हत्या. त्या दिवशी तो म्हणाला, “मामा, तुझा माझ्या वयातला फोटो आहे का?”

शोधून काढला. अकरावीचं ओळखपत्र, कडा झिजलेली, शिक्का अर्धा माझ्या कपाळावर. त्याने तो खिडकीपाशी नेला आणि डॉक्टर बाईंसारखा बारकाईने बघितला. मग विचारलं, “तेव्हा तुला काय म्हणायचे रे वर्गात?”

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी पलंगावर बसलो आणि सांगायला लागलो.